घरची पुस्तकं, त्यांची यादी आणि संगणक

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला दारातच गाठून विचारलं होतं, "सर, घरी दोनेक हजार पुस्तकं आहेत. त्यांची नोंद ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?" रिक्षा उभी होती, म्हणून आम्ही "पुढच्या वेळी बोलू" म्हणालो. संयोजकांनी ते शब्दशः घेतलं. तेव्हा आजचा विषय हा असा ठरला.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने यावर काय बोलावं, असं काहींना वाटत असेल. पण तशी परंपरा आहे. लायब्निझ आधी हॅनोवरला आणि मग वोल्फेनब्युटेलला ग्रंथपाल होता. कांटने १७६६ पासून काही वर्षं क्योनिग्सबर्गच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात उपग्रंथपालाची नोकरी केली. त्यांच्या पंगतीत बसायची आमची योग्यता नाही. पण समोर असलेली ही एक वस्तू कोणत्या जातीची, आणि तिला दुसरीपासून वेगळं कशाने करायचं, हा प्रश्न नैयायिकांचा आहे तसाच पुस्तकांच्या कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाचाही आहे.

सॉफ्टवेअरच्या नावांकडे येण्याआधी एक हकीकत सांगणं भाग आहे. आमचे एक सहकारी होते, नाव घेत नाही. त्यांच्याकडे चार हजारांच्या आसपास पुस्तकं. १९९८-९९ च्या सुमाराला त्यांनी संगणक घेतला आणि निवृत्तीनंतरची तीन वर्षं एकेक पुस्तक फडताळातून काढून, पुसून, त्याची यादी केली. चांगली, मेहनतीची यादी. ते गेले तेव्हा मुलगा परदेशातून पंधरा दिवसांच्या रजेवर आला. घर रिकामं करायचं होतं. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे त्याने विचारणा केली. उत्तर आलं, "आधी यादी पाठवा, मग बघू." उत्तर वाजवी होतं, त्यात त्यांची काही चूक नाही. आणि यादी तर होतीच. मुलाने फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांचा चिवडा.

झालं होतं ते असं. त्या काळचे बरेचसे मराठी फॉन्ट म्हणजे एक प्रकारचं सोंग होतं. आत साठवलेलं अक्षर रोमनच, फॉन्ट फक्त त्याला देवनागरी चेहरा चढवी. तो फॉन्ट नव्या संगणकावर नाही, तर मराठीही नाही. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कोणताही असो. त्या जुन्या लिखाणाचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनंही मिळतात. दहा मिनिटांचं काम होतं. पण आम्हाला हे सगळं कळलं चार महिन्यांनी, आणि तोवर रद्दीवाल्याचा टेम्पो दोन खेपा करून गेला होता. किलोच्या भावाने. पुढे फुटपाथवर आम्हाला त्यांतलं एक पुस्तक मिळालं, समासात त्यांच्या बारीक अक्षरातल्या टिपा असलेलं. साठ रुपयांना घेतलं.

तेव्हापासून आम्ही या सॉफ्टवेअरांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. त्यांच्या जाहिराती सांगतात की पुस्तक आत घालणं किती सोपं आहे. आम्ही विचारतो, बाहेर काढणं किती सोपं आहे? आणि दुसरा प्रश्न, जो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो: या सॉफ्टवेअरच्या लेखी पुस्तक म्हणजे नेमकं काय?

'गीतारहस्य' घ्या. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, १९१५ साली प्रसिद्ध झालं. ही एक कृती. तिचं मराठी मूळ, माधवराव सप्र्यांचं हिंदी, सुखठणकरांचं इंग्रजी, ही तिची वेगवेगळी रूपं. प्रत्येक रूपाच्या अनेक आवृत्त्या. आणि प्रत्येक आवृत्तीच्या हजारो प्रती, त्यांतली एक आमच्याकडे, वडिलांनी तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेली, पुठ्ठा सुटलेली. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९८ साली या चार पायऱ्या रीतसर मांडल्या: कृती, अभिव्यक्ती, प्रकाशित रूप, प्रत. आपल्याकडे सामान्य आणि व्यक्ती यांवर किती शतकं वाद झाला, ते इथे काढत नाही. पण एवढं लक्षात घ्या की "तुमच्याकडे गीतारहस्य आहे का?" आणि "तुमच्या वडिलांचं गीतारहस्य कुठे आहे?" हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर देता येत नसेल, तर ती घरच्या संग्रहाची यादी नव्हे. ती दुकानाची यादी झाली.

आणि बहुतेक सॉफ्टवेअर दुकानाच्याच यादीतून जन्माला आलेली आहेत. मलपृष्ठावरच्या पट्ट्यांसमोर फोन धरला की मुखपृष्ठ, लेखक, पृष्ठसंख्या सगळं आपोआप येतं. जादू वाटते, आम्हालाही वाटली. त्यामागे असतो तो आयएसबीएन. हा क्रमांक १९७० पासून आंतरराष्ट्रीय मानक झाला, आधी दहा आकडी होता, २००७ पासून तेरा आकडी आहे. तो प्रकाशकांच्या आणि विक्रेत्यांच्या सोयीसाठी आहे. एकाच पुस्तकाची कापडी बांधणी आणि कागदी बांधणी यांना तो दोन वेगळे क्रमांक देतो, कारण दुकानात त्या दोन वस्तू आहेत. तुमच्या प्रतीबद्दल त्याला काही ठाऊक नाही, आणि असावं अशी अपेक्षाही नाही.

आम्ही एका कपाटातली चाळीस पुस्तकं सरळ ओळीने काढली आणि नातीच्या फोनवर हा प्रयोग केला. निम्म्याहून कमी पुस्तकांवर क्रमांक होता. क्रमांक असलेल्या मराठी पुस्तकांतलीही कित्येक सापडली नाहीत. इंग्रजी जवळजवळ सगळी सापडली. नात म्हणाली, "आजोबा, तुमची पुस्तकं इंटरनेटला माहीतच नाहीत." ज्यांच्या घरी गेल्या पंचवीस वर्षांतली इंग्रजी पुस्तकं आहेत त्यांनी खुशाल फोन घ्यावा, दोन रविवारांत काम होईल. पुढचं त्यांच्यासाठी नाही.

दुकानावर अवलंबून राहण्याचा शेवट काय होतो, त्याचं उदाहरण डिलिशस लायब्ररीचं. मॅक संगणकासाठी २००४ साली आलेलं हे सॉफ्टवेअर देखणं होतं. पडद्यावर लाकडी फळ्या, त्यांवर तुमच्या पुस्तकांची मुखपृष्ठं. संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरलं की ते फळीवर येऊन बसे. माहिती येत असे ॲमेझॉनकडून. २०२४ साली तो माहितीचा पुरवठा बंद झाला आणि सॉफ्टवेअर संपलं. त्याच्या कर्त्यांना आम्ही दोष देत नाही. वीस वर्षं टिकणं या धंद्यात थोडं नव्हे. पण विहीर शेजाऱ्याच्या अंगणात असेल तर आपल्या पंपाची स्तुती किती करायची?

गुडरीड्सबद्दल बरेच जण विचारतात. २००७ साली सुरू झालं, २०१३ साली ॲमेझॉनने विकत घेतलं, २०२० च्या अखेरीस बाहेरच्या प्रोग्रॅमांना त्याची माहिती वापरण्याचे नवे परवाने थांबले. ते वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. ते वाचनाची रोजनिशी आहे, संग्रहाची यादी नव्हे. सुरुवातीलाच तीन कप्पे देतं: वाचलेलं, वाचत असलेलं, वाचायचं असलेलं. आता आमच्या घरातली एक मोठी जात यांत बसतच नाही. संदर्भासाठी घेतलेली, मधूनच उघडलेली, कोणीतरी भेट दिली म्हणून ठेवलेली, आणि जी आम्ही वाचलेली नाहीत, वाचणारही नाही, पण टाकणारही नाही. (हशा.) हसू नका, तुमच्याही घरी आहेत.

लायब्ररीथिंग हे आमच्या मते या सगळ्यांत विचार करून बनवलेलं. टिम स्पाल्डिंग यांनी २००५ साली सुरू केलं. पूर्वी दोनशे पुस्तकांपुढे पैसे पडत, २०२० पासून सर्वांना फुकट आहे. त्याची पहिली जमेची बाजू म्हणजे ते दुकानाखेरीज ग्रंथालयांच्या तालिकांतूनही नोंदी आणतं. दुसरी म्हणजे कृती आणि आवृत्ती हा भेद त्याला कळतो. एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या सभासद एकत्र जोडतात, आणि तरी तुमची नोंद तुमचीच राहते, तिचं शीर्षक तुम्ही हवं तसं दुरुस्त करू शकता. खाजगी टिपांसाठी जागा आहे. तिथल्या हौशी मंडळींनी थॉमस जेफरसनचा ग्रंथसंग्रहसुद्धा नोंदवून ठेवला आहे, कोणीही जाऊन बघावा. आणि आमच्या पहिल्या परीक्षेत ते उत्तीर्ण होतं: सगळी यादी साध्या कोष्टकाच्या रूपात खाली उतरवून घेता येते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कोहा हे न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी बनलं आणि २००० च्या जानेवारीत कामाला लागलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ते खरोखरच जगाला फुकट दिलेलं आहे. पण ते सार्वजनिक ग्रंथालयासाठी आहे. देवघेव, सभासद, उशिराचा दंड. घरात दंड कोणाला करणार? कॅलिबर हे ई-पुस्तकांसाठी फार उत्तम. कागदी पुस्तक मात्र त्यात 'रिकामं पुस्तक' म्हणून घालावं लागतं, आणि हे आम्हाला अपमानास्पद वाटतं. झोटेरो संशोधकांच्या तळटीपांसाठी. लिनक्स वापरणाऱ्यांनी टेलिको जरूर पाहावं. त्यात आपल्याला हवे ते रकाने घालता येतात, आणि त्याची फाइल उद्या टेलिको नसलं तरी उघडून वाचता येईल अशी आहे.

आता मराठीकडे. इथे जरा रेंगाळणार आहोत, कारण ही सॉफ्टवेअर मराठी पुस्तकाचं काय करतात हे पाहिल्याशिवाय निवड होऊच शकत नाही.

पहिली गोष्ट नावांची. पुष्कळ प्रोग्रॅम शेवटचा शब्द आडनाव समजून तो पुढे आणतात. 'साने गुरुजी' लिहिलं की यादीत 'गुरुजी, साने' होतं. 'ज्ञानेश्वर महाराज' लिहिलं तर 'महाराज, ज्ञानेश्वर', आणि सगळे महाराज एका ओळीत. आद्याक्षरांमध्ये जागा सोडली किंवा न सोडली तर पु. ल. देशपांडे दोन होतात. यापेक्षा खोल अडचण टोपणनावांची. गडकरी नाटकांवर गडकरी, कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम. खानोलकर कादंबरीत चिं. त्र्यं. आणि कवितेत आरती प्रभू. हे एकच गृहस्थ आहेत हे यादीला सांगायचं की नाही? आम्हाला वाटतं सांगावं, पण कवितासंग्रह 'आरती प्रभू' याच नावाखाली राहू द्यावा, कारण कवीने ते नाव विचार करून घेतलेलं आहे. म्हणजे रकाने दोन हवेत, पुस्तकावर छापलेलं नाव आणि माणसाचं नाव. आयत्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा एकच असतो.

दुसरी गोष्ट लेखनाची. ह. ना. आपट्यांच्या कादंबरीच्या जुन्या प्रतीवर 'लक्षांत' असा अनुस्वार आहे, नव्या प्रतीवर नाही. १९६२ च्या लेखननियमांनंतर असे असंख्य अनुस्वार गेले. संगणकाला मात्र 'लक्षांत' आणि 'लक्षात' हे दोन निराळे शब्द. जुन्या शीर्षकाने नोंदवलं तर नव्या लेखनाने शोधणाऱ्याला पुस्तक सापडत नाही. शिवाय काही अक्षरं डोळ्यांना एक दिसतात आणि आत दोन असतात. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. 'ॲ' हे एकतर स्वतंत्र अक्षर म्हणून येतं, नाहीतर 'अ'वर चंद्र चढवून. आम्ही एका पद्धतीने टंकलं, सूनबाईंनी दुसऱ्या, आणि अर्धा दिवस 'ॲरिस्टॉटल' घरात आहे की नाही यावर वाद चालला. तो होता.

अनुक्रमही बिघडतो. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क आणि ष. म्हणून 'क्षिप्रा' ही 'कोसला'च्या शेजारी जाऊन बसते. याची सवय होते, फार मनाला लावून घेऊ नये.

मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे सन. जुन्या पुस्तकांवर शके असतं. शके १८३७ म्हणजे १९१५-१६. सॉफ्टवेअरच्या वर्षाच्या रकान्यात चार आकडे मावतात, ते निमूटपणे १८३७ घेतं, आणि पुस्तक लोकहितवादींच्या शतपत्रांहून जुनं होऊन बसतं. चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. एखाद्या दिवशी कोणी विद्यार्थी त्या यादीवर विश्वास ठेवून प्रबंधात ते वर्ष लिहील, आणि मग ते तसंच पुढे जाईल.

ग्रंथालयांच्या नोंदी आणल्या तर हे सुटेल असं वाटतं. अर्धंच सुटतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय दिल्लीत १९६२ पासून आहे, आणि तेव्हापासून मराठी पुस्तकं तिकडे जात आली आहेत. त्यामुळे आपल्या गावच्या वाचनालयात नसलेलं पुस्तक वॉशिंग्टनच्या तालिकेत निघतं. पण बहुतेक नोंदी रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देऊन. देवनागरीत 'श्यामची आई' शोधणाऱ्याला ती दिसतेच असं नाही. कामाची माहिती आहे ती, पण आपल्या लिपीत ती आपणच उतरवून घ्यायची आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची हातांनी केली, हे आठवलं की आमची दोन-तीन हजारांची कुरकुर जरा कमी होते.

दिवाळी अंकांबद्दल काय बोलावं? १९०९ च्या 'मासिक मनोरंजन'पासून चालत आलेली ही आपली खास वस्तू. पुस्तकाएवढी जाड, पण पुस्तक नव्हे, आणि आतली एखादी दीर्घकथा हेच ती ठेवण्याचं कारण. कुठल्याही सॉफ्टवेअरला हे समजावता आलेलं नाही.

तर आम्ही काय केलं? साधं कोष्टक. होय, हिशेबाला वापरतात ते. हे ऐकून काहींचा विरस झालेला दिसतो. रकाने असे: दाखल क्रमांक, जो पुस्तकात शीर्षकपृष्ठाच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिलेला आहे, शीर्षक जसं छापलं आहे तसं, तेच शीर्षक आजच्या लेखनात, शोधण्यापुरतं, छापलेलं नाव आणि माणसाचं नाव, छापलेलं वर्ष आणि त्याचं इसवी सन, आवृत्ती, प्रकाशक, कपाट आणि फळी. विषयाचा रकाना एकच, पण त्यात हवे तितके शब्द. 'गीतारहस्य' वेदान्तही आहे, नीतिशास्त्रही आणि तुरुंगातलं लेखनही. फळीवर त्याला एकच जागा मिळते, यादीत तीन मिळू शकतात. रंगनाथनांनी विषयाला अनेक पैलू असतात हे १९३३ च्या आपल्या वर्गीकरणातच गृहीत धरलं होतं. मग एक मोठा रकाना, 'ही प्रत'. त्यात कोणाच्या खुणा, कोणाची सही, कुठून घेतलं, कोणतं पान फाटलं.

हे कोष्टक युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलमध्येही उतरवून ठेवलेलं आहे. इथे एक सावधगिरी: अशी फाइल एक्सेलमध्ये नुसती टिचकी मारून उघडली तर कधीकधी मराठीचा पुन्हा चिवडा दिसतो. घाबरू नये आणि तशीच साठवू तर अजिबात नये. ती आयात करताना युटीएफ-८ हा पर्याय निवडला की अक्षरं जागेवर येतात. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमाराला, ती दुसऱ्याच कोणाच्या संगणकावर उघडून बघतो. सहकाऱ्यांच्या फाइलची एवढी एकच परीक्षा कधी झाली नव्हती. लायब्ररीथिंगवर इंग्रजी पुस्तकं ठेवली आहेत, नातेवाइकांना आणि विद्यार्थ्यांना बघता यावीत म्हणून. मूळ यादी मात्र घरची.

या पद्धतीचे तोटेही सांगतो. ती कंटाळवाणी आहे. मुखपृष्ठं दिसत नाहीत. तासाला पंधरा-वीस पुस्तकांच्या वर नोंदी होत नाहीत, आणि मध्ये एखादं पुस्तक वाचायलाच बसलो तर तीनच होतात. दोन वर्षं झाली, अजून बैठकीतलं एक कपाट आणि माळ्यावरच्या पेट्या बाकी आहेत.

शेवटचा रकाना आम्ही गेल्या वर्षी वाढवला. त्याचं नाव 'पुढे कुणाकडे'. सूनबाईंना ते अशुभ वाटलं, मुलगा काही बोलला नाही. काही पुस्तकांपुढे एका वाचनालयाचं नाव आहे, त्यांनी यादी पाहून होकार दिला आहे. काहींपुढे विद्यार्थ्यांची नावं. फुटपाथवरून आणलेल्या त्या साठ रुपयांच्या पुस्तकापुढे सहकाऱ्यांच्या मुलाचं नाव आहे, त्याला कळवलं आहे, तो डिसेंबरात येणार आहे. वडिलांच्या गीतारहस्यापुढचा रकाना अजून रिकामा आहे.

वेळ बराच झाला. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे. बोला.